शनीची नजर आणि नेवाशाची मोहिनी

१/
शनिशिंगणापूर म्हटले की दोन गोष्टी हटकून आठवतात. एक, दारे नसलेली घरे. दुसरी, २०१६ मधला चौथऱ्याचा वाद. त्या वादात साऱ्या महाराष्ट्राने एकच प्रश्न विचारला: स्त्रियांना चौथऱ्यावर का जाऊ दिले जात नाही? प्रश्न रास्त होता आणि न्यायालयाने त्याचे उत्तरही दिले. परंतु त्याच नियमाची दुसरी बाजू चर्चेत फारशी आली नाही. तो नियम पुरुषांविषयी काय सांगत होता? पुरुषाचे शरीर, त्याची वासना, त्याची जवळीक यांविषयी त्यात कोणती गृहीते दडलेली होती? आजचा धागा याविषयी.

२/
आधी भूगोल. शिंगणापूर अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या नेवासे तालुक्यात येते. येथे शनीला गाभारा नाही, कळस नाही, छप्परही नाही. उघड्या आकाशाखाली एका चौथऱ्यावर पुरुषभर उंचीची काळी शिळा उभी आहे. गुराख्याने काठी टोचताच या शिळेतून रक्त वाहिले, अशी गावाची कथा आहे. शनी स्वतःच राखणदार असल्याने घरांना दारे नकोत, ही त्या श्रद्धेची पुढची पायरी. दारांवाचून जगणाऱ्या या गावात एकच जागा दीर्घकाळ अर्ध्या समाजाला बंद होती.

३/
चौथऱ्यावरचा पूर्वीचा विधी लक्षपूर्वक पाहण्यासारखा आहे. पुरुषाने स्नान करायचे, अंगावर केवळ ओले वस्त्र ठेवायचे आणि ओलेत्याने वर जाऊन शिळेला तेल वाहायचे. शेकडो लोकांसमोर अर्धे उघडे, निथळते पुरुषशरीर येथे संकोचाचा विषय ठरत नसे. स्त्रीच्या बाबतीत अशा दृश्याची कल्पनाही समाजाला अवघड जाते. पुरुष पाहतो, त्याला कोणी पाहत नाही, हे येथील पहिले गृहीत. त्याच्या शरीराला कामुक नजरेचा विषय मानलेलेच नाही. म्हणून ते सहज पवित्र होऊ शकते.

४/
दुसरे गृहीत अधिक खोल आहे. पुरुषाचे पावित्र्य स्त्रीपासूनच्या अंतरावर टिकते, हे ते गृहीत. बंदीचे समर्थन कधी रूढी म्हणून झाले, कधी स्त्रीच्या शरीराला शनीची बाधा होते म्हणून, कधी विटाळ म्हणून. कारणे बदलत राहिली, निष्कर्ष तोच राहिला. अशा नियमात स्त्री अपवित्र ठरते, हे सर्वांच्या ध्यानात आले. पुरुष त्याच नियमात किती भंगुर ठरतो, हे मात्र सुटले.

५/
वादाचा क्रम थोडक्यात. २००० साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या नेतृत्वाखाली शिंगणापूरच्या प्रवेशासाठी सत्याग्रह पुकारला. २८ नोव्हेंबर २०१५ रोजी एका तरुणीने चौथऱ्यावर चढून तेल वाहिले. त्यानंतर शिळेचे शुद्धीकरण करण्यात आले. २६ जानेवारी २०१६ रोजी भूमाता ब्रिगेडचा मोर्चा पोलिसांनी सुपे येथे अडवला. विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. जेथे पुरुषांना प्रवेश आहे तेथे स्त्रियांना कायद्याने रोखता येत नाही, असे न्यायालयाने मार्चअखेरीस स्पष्ट केले. आधार होता १९५६ च्या राज्य कायद्याचा, म्हणजे साठ वर्षे जुन्या तरतुदीचा.

६/
यापुढचा प्रसंग इतिहासाच्या विद्यार्थ्याने विसरू नये असा आहे. चौथरा त्या सुमारास पुरुषांनाही बंद होता. ८ एप्रिल २०१६ च्या गुढीपाडव्याला काही पुरुषांनी प्रवरा-गोदावरीच्या संगमाचे पाणी आणले, बंदी झुगारली आणि शिळेला अभिषेक केला. पुरुष वर गेले, तेव्हा स्त्रियांना अडवण्याचा आधारच संपला. विश्वस्तांनी त्याच दिवशी चौथरा सर्वांना खुला केला. स्त्रियांचा मार्ग अखेर पुरुषांच्या हट्टाने मोकळा झाला. इतिहासाला असा विनोद अधूनमधून सुचतो.

७/
त्यानंतर काही दिवसांतच द्वारकापीठाचे तत्कालीन शंकराचार्य स्वामी स्वरूपानंद सरस्वती यांचे विधान वृत्तपत्रांत झळकले. स्त्रियांनी शनीची पूजा केल्यास त्यांच्यावरील बलात्कारासारखे गुन्हे वाढतील, असा त्याचा आशय होता. विधानावर टीका पुष्कळ झाली. ती मुख्यतः स्त्रियांच्या अवमानाबद्दल होती. पण त्यात पुरुषांचे जे चित्र आहे तेही भीषण आहे. गुन्हा करणार पुरुष, कारण ठरणार स्त्रीची पूजा आणि मध्यस्थ ठरणार ग्रह. पुरुषाच्या वासनेला स्वतःचा असा कर्ताच उरत नाही. ती जणू पाऊस किंवा टोळधाड. येते तेव्हा येते, आडोसा इतरांनी शोधायचा.

८/
या धाग्याचे म्हणणे असे: स्त्रीपासून, स्पर्शापासून, स्वतःच्या हळवेपणापासून अंतर राखणारा पुरुष हेच 'परंपरेतील पुरुषत्व', असे जे सांगितले जाते, ते परंपरेच्याच साक्षीने टिकत नाही. त्यासाठी दूर खजुराहोला किंवा ग्रीसला जाण्याची गरज नाही. नेवासे तालुक्याची वेस ओलांडण्यापूर्वीच पुरावा मिळतो. आणि पहिला साक्षीदार स्वतः शनी आहे.

९/
शनीची दृष्टी वाईट का? ब्रह्मवैवर्त पुराणाच्या गणपतिखंडात याचे उत्तर आहे. शनीचा विवाह चित्ररथाच्या कन्येशी झाला होता. एकदा ऋतुस्नान करून, शृंगार करून ती पतीकडे आली. शनी ध्यानात मग्न होता. त्याने तिच्याकडे पाहिलेही नाही. ऋतुकाळ वाया गेला. अपमानित झालेल्या पत्नीने शाप दिला: तू ज्याच्याकडे पाहशील त्याचा नाश होईल. पुढे पार्वतीच्या आग्रहावरून शनीने बाल गणेशाकडे पाहिले आणि बालकाचे मस्तक उडाले, ते याच शापामुळे.

१०/
ही कथा शिंगणापूरच्या जुन्या नियमाशेजारी ठेवून पाहावी. नियमात स्त्रीचा ऋतुधर्म हा देवाला दूषित करणारा. कथेत ऋतुस्नात स्त्री हक्काने पतीकडे येते, तिची इच्छा धर्म्य आहे आणि दोष पतीच्या दुर्लक्षाचा आहे. नियमात विरक्ती हे देवाचे बळ. कथेत त्याच विरक्तीतून देवाची नजर विषारी होते. जवळच्या माणसाकडे ज्याने पाहिले नाही, त्याच्या पाहण्याची पुढे साऱ्या जगाला भीती वाटू लागली. साडेसातीची धास्ती घेणाऱ्या किती जणांना ठाऊक असते की त्या धास्तीच्या मुळाशी एका स्त्रीची नाकारलेली जवळीक आहे?

११/
शनीच्या जन्मकथेतही हाच धागा सापडतो. सूर्याचे तेज असह्य झाल्याने त्याची पत्नी संज्ञा स्वतःची छाया मागे ठेवून निघून गेली. शनी त्या छायेचा पुत्र. पुढे विश्वकर्म्याने सूर्याचे तेज तासून कमी केले, तेव्हा संज्ञा परतली. पुराणकारांनी पतीच्या प्रखरतेला गुण मानून सोडून दिले नाही. सहवासासाठी ती तासावी लागते, हे त्यांनी कथेत घातले. 'मर्द तापटच असतो' असे म्हणणाऱ्यांनी ही कथा एकदा वाचावी.

१२/
आता शिंगणापूरहून नेवाशाला जावे. तालुक्याच्या या गावात मोहिनीराजाचे मंदिर आहे. आजची कोरीव दगडी वास्तू अठराव्या शतकातील. होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी ती बांधवली. देवता कोण? समुद्रमंथनानंतर अमृत वाटण्यासाठी स्त्रीरूप घेतलेला विष्णू. स्थानिक परंपरा या मूर्तीला अर्धनारी रूपातली मानते. नावच पाहावे: 'मोहिनी' स्त्रीलिंगी, 'राज' पुल्लिंगी. दोन लिंगे एका नावात नांदतात आणि शतकानुशतके नवस बोलणाऱ्या कोणाही भाविकाला त्यात विसंगती वाटलेली नाही.

१३/
अमृताची पंगत येथेच बसली, असे नेवाशाची लोककथा सांगते. देवांच्या पंक्तीत घुसलेल्या राहूचे शिर मोहिनीने उडवले. ते पडले ती राहुरी आणि काया पडली ते कायगाव. व्युत्पत्तिशास्त्र यावर हसेल, हसू द्यावे. इतिहासासाठी महत्त्वाचे इतकेच की या परिसराने आपल्या गावांची नावे एका स्त्रीवेषी देवाच्या पराक्रमाशी जोडून घेतली. पराक्रमासाठी त्या देवाला स्त्रीवेष उतरवून ठेवावा लागला नाही.

१४/
ही कथा येथेच थांबत नाही. खंडोबाची पत्नी म्हाळसा लोकपरंपरेनुसार नेवाशाच्या तिमशेट वाण्याची लेक, आणि तीच मोहिनीचा अवतारही. गोव्यात म्हार्दोळला महालसा नारायणी आहे. पोर्तुगीज राजवटीत मूळ वेर्ण्याहून हलवलेली ही देवी मोहिनीरूप विष्णू मानली जाते आणि देवी असूनही जानवे धारण करते. तिचे मूळ नेवाशाला असल्याची परंपरा आहे. नेवाशापासून जेजुरी आणि म्हार्दोळपर्यंत पुरुष आणि स्त्री यांच्यातली सीमारेषा ओलांडणारे दैवत घराघरांत कुलदैवत म्हणून पुजले गेले.

१५/
भागवताच्या आठव्या स्कंधात शिव मोहिनीला पाहून भान हरपतो. ती विष्णू आहे, हे त्याला आधीच ठाऊक असते. भानावर आल्यावर तो लज्जित झाला नाही, असे भागवतकार मुद्दाम नोंदवतात. केरळची परंपरा अय्यप्पाला याच हरिहरांचा पुत्र मानते. आणि त्याच अय्यप्पाच्या शबरीमला मंदिरात, देव ब्रह्मचारी आहे या कारणाने, १० ते ५० वयाच्या स्त्रियांना बंदी होती. देवाचा जन्म सीमा ओलांडणाऱ्या आकर्षणातून आणि त्याचे मंदिर मात्र सीमांचे सर्वांत कडक राखणदार. शिंगणापूर आणि नेवासे यांच्यातला पेच तेथे एकाच गाभाऱ्यात आहे.

१६/
येथे एक रास्त आक्षेप येईल: पुराणकथा म्हणजे इतिहास नव्हे. अगदी खरे. मोहिनीने नेवाशात अमृत वाटले, याचा पुरावा कोणी मागू नये. मात्र एखादा समाज कशाची कल्पना करू शकत होता आणि कशाला देव्हाऱ्यात बसवत होता, याचा कथा हा उत्तम पुरावा असतो. पुरुषाच्या देहात स्त्रीत्व, पुरुषाला पुरुषाचे आकर्षण, पत्नीच्या इच्छेचा मान: हे सारे या समाजाच्या कल्पनेबाहेरचे नव्हते. 'असले काही आपल्याकडे नव्हतेच' हा दावा म्हणूनच टिकत नाही.

१७/
नेवाशाचा तिसरा साक्षीदार निर्विवादपणे ऐतिहासिक आहे. शके १२१२, म्हणजे इ.स. १२९० मध्ये येथेच ज्ञानेश्वरी सांगितली गेली. ज्या खांबाला टेकून ती सांगितली गेली असे मानतात, तो पैसाचा खांब आजही लोक पाहायला येतात. सांगणारा पुरुष होता आणि परंपरेच्या हिशेबाने वय जेमतेम पंधरा. महाराष्ट्राने त्याला राजा, गुरू किंवा पिता म्हणण्याऐवजी कोणती हाक निवडली? माउली. सातशे वर्षे लाखो पुरुष दुसऱ्या एका पुरुषाला आई म्हणत आले आहेत. विठ्ठलाचीही 'विठाई' झाली.

१८/
ज्ञानदेवांच्या विराण्यांत बोलणारा आवाज विरहिणी स्त्रीचा आहे. एकनाथ आणि तुकाराम यांच्या गौळणींत गोपी बोलते. पुरुष कवी प्रियकराची वाट पाहतो, शृंगार करतो, रुसतो. जनाबाईच्या अभंगांत विठ्ठल तिच्यासोबत दळण दळतो, तिची वेणीफणी करतो. घरकाम हे पुरुषाला कमीपणा आणणारे असते, तर पंढरीचा राणा जात्याला बसला नसता. जगाच्या अन्य भक्तिपरंपरांतही हे आढळते. स्पेनच्या सोळाव्या शतकातील संत योहानाने ईश्वराशी बोलताना वधूचा आवाज घेतला. पुरुषाला आपली तळमळ सांगण्यासाठी स्त्रीच्या भाषेचा आश्रय अनेक संस्कृतींत घ्यावा लागला.

१९/
मैत्रीची साक्ष याहून थेट आहे. १२९६ मध्ये ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली. नामदेवांच्या नावावरील समाधीच्या अभंगांत या प्रसंगाचा शोक आहे. त्यात निवृत्तिनाथ धाकट्या भावासाठी आणि संत आपल्या सोबत्यासाठी उघडपणे रडतात. परंपरा आणखी सांगते की मंगळवेढ्याला कुसू कोसळून चोखोबा गेले, तेव्हा नामदेवांनी ढिगाऱ्यातून त्यांच्या अस्थी शोधल्या. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची. ज्याचा स्पर्श समाजाला चालत नव्हता, त्या मित्राच्या अस्थी उराशी धरून पंढरपूरला आणल्या गेल्या. पुरुषांच्या जवळिकीची यापेक्षा मोठी कथा मराठीत क्वचितच असेल.

२०/
वारीत ही जवळीक आजही दिसते. अनोळखी वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, उराउरी भेटतात, मिशा पांढऱ्या झालेले गृहस्थ फुगडी घालतात. तालमीच्या मातीतही पुरुषशरीरे परस्परांना बिनधास्त भिडतात. गावाकडच्या पारावर मित्राच्या खांद्यावर हात टाकून बसलेल्या माणसाला कोणी खुलासा विचारत नाही. स्पर्शाचा हा साधेपणा शहरी, शिकलेल्या वर्गात प्रथम आटला. तेथे मित्राचा हात हातात घेण्यापूर्वी तरुण आजूबाजूला पाहतो.

२१/
येथे सावधपणा हवा. नामदेव किंवा ज्ञानदेव यांना आजच्या अर्थाने एखादे लैंगिक लेबल लावणे ही कालविपर्यासाची चूक ठरेल. 'समलैंगिक' किंवा 'भिन्नलैंगिक' ही माणसांची वर्गवारी एकोणिसाव्या शतकातील युरोपची आहे. पण उलट बाजूची चूकही तितकीच मोठी: त्यांच्या प्रेमाला शरीर नव्हतेच, अश्रू आणि मिठी केवळ रूपक होते, असे म्हणणे. जुन्या समाजात स्नेह, भक्ती, वात्सल्य आणि शृंगार यांच्या वाड्यांना आजच्यासारखी काटेरी कुंपणे नव्हती, इतकेच म्हणता येते. आणि तेवढे पुरेसे आहे.

२२/
परंपरेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पुरुष कवीने स्त्रीचा आवाज घेतला म्हणून स्त्रीला आवाज मिळाला, असे होत नाही. सतराव्या शतकातील संत बहिणाबाईंनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत पतीने केलेली मारहाण नोंदवली आहे; कारण त्यांनी शूद्र मानल्या गेलेल्या तुकोबांना गुरू मानले. त्यांचा अखेरचा मुक्काम शिऊर, गोदावरीपलीकडच्या वैजापूर तालुक्यात. माउलीचा गजर करणाऱ्या प्रदेशातच घरातला पुरुष हात उगारत होता. देव्हाऱ्यातली कल्पना उंबरठ्याबाहेर आपोआप उतरत नाही, हे ध्यानात ठेवूनच पुढे जावे.

२३/
रंगभूमीवर हाच दुटप्पीपणा स्पष्ट दिसतो. नारायण श्रीपाद राजहंस म्हणजे बालगंधर्व (१८८८ ते १९६७) यांच्या स्त्रीभूमिकांनी महाराष्ट्र वेडा झाला. पांढरपेशा घरांतील स्त्रिया त्यांच्यासारखी नेसण, त्यांच्यासारखे दागिने करू लागल्या. दुसरीकडे तमाशातला नाच्या. गणपत पाटील (१९२० ते २००८) यांनी मराठी चित्रपटात ही भूमिका अजरामर केली; त्या भूमिकेवरून होणारी कुचेष्टा मात्र पडद्याबाहेरही त्यांचा पाठलाग करत राहिली. दोघेही पुरुष, दोघांचाही अभिनय स्त्रीत्वाचा. एकाला शालू, दुसऱ्याला शिट्ट्या. हा फरक रंगमंचाच्या वर्गाचा होता आणि बऱ्याच अंशी जातीचाही.

२४/
कायद्याने काय केले? इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीच्या काळी, १५३३ साली, अशा संबंधांना प्रथम राजसत्तेच्या कायद्याने देहदंड ठेवला. त्या विचाराचा वारसा भारतीय दंड संहितेच्या ३७७ व्या कलमात आला; संहिता १८६० ची, अंमल १८६२ पासून. पूर्वी येथे सारे मुक्त होते, असे नाही. धर्मशास्त्रांत प्रायश्चित्ते होती, समाजात टवाळी होती. परंतु प्रायश्चित्त घेऊन माणूस समाजात परत येऊ शकत होता. नव्या कायद्याने कृतीला गुन्हा ठरवले आणि गुन्ह्याची छाया माणसाच्या साऱ्या आयुष्यावर पाडली.

२५/
या छायेविरुद्ध महाराष्ट्रात एक प्राध्यापक उभा राहिला. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी संततिनियमनाच्या प्रचारापायी विल्सन महाविद्यालयातील नोकरी गमावली आणि १९२७ च्या जुलैत 'समाजस्वास्थ्य' सुरू केले. १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. गुन्हा काय? हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना त्यांनी उत्तरे दिली होती. त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावरचे लेखन केवळ विषयामुळे अश्लील ठरत नाही, अशी भूमिका न्यायालयात मांडली गेली. खटला हरला; २०० रुपये दंड झाला.

२६/
त्या खटल्याचे मर्म आजही बोचरे आहे. ते प्रश्न लाजत, लपत पत्र लिहिणाऱ्या सामान्य माणसांचे होते. आपल्या शरीराविषयी आणि इच्छेविषयी शांतपणे विचारावे असे दुसरे ठिकाण त्यांना नव्हते. कर्व्यांनी त्यांना पापी किंवा रोगी ठरवले नाही, माहिती दिली. 'समाजस्वास्थ्य' १९५३ पर्यंत चालले, कर्वे गेले आणि बंद पडले. पत्रे लिहिणारे मात्र संपले नव्हते. भिंतींवरच्या 'गुप्तरोग' आणि 'मर्दानी ताकद' यांच्या जाहिरातींनी त्यांचा ताबा घेतला.

२७/
२०१८ चा सप्टेंबर या कथेत मैलाचा दगड आहे. ६ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांपुरते ३७७ कलम निष्प्रभ केले. २७ तारखेला व्यभिचाराचे ४९७ कलम रद्द झाले. पत्नीला जणू पतीची मालमत्ता मानणारी ती तरतूद होती. २८ तारखेला शबरीमलाचा निकाल आला. पुढे त्यातील प्रश्न मोठ्या घटनापीठाकडे गेले. एकाच महिन्यातील या तीन निकालांचा विषय वरवर निराळा असला तरी प्रश्न एकच होता: पुरुषाची इच्छा, पुरुषाचा हक्क आणि पुरुषाचे पावित्र्य यांची किंमत कोणी चुकवायची? १७ ऑक्टोबर २०२३ रोजी समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास त्याच न्यायालयाने नकार दिला. वाट अर्धीच चालून झाली आहे.

२८/
कायदा बदलला, भाषा बदलली नाही. मराठी राजकारणात आजही प्रतिस्पर्ध्याला बांगड्यांचा आहेर पाठवला जातो. 'बायकी', 'बायल्या' या शिव्या शाळेच्या मैदानावर शिकल्या जातात. 'पुरुषासारखा पुरुष असून रडतोस?' हे वाक्य आईच्या तोंडूनही येते. मोहिनीराजाच्या शृंगारापुढे हात जोडणारा माणूस देवळाबाहेर येऊन बांगडीला अपमान मानतो. समाधीच्या अभंगांनी डोळे पुसणारा माणूस मुलाच्या रडण्याला कमकुवतपणा समजतो. ही विसंगती परंपरेतली नाही, परंपरा अर्धवट वाचणाऱ्यांची आहे.

२९/
याची किंमत कोण मोजते? ज्याला दुसऱ्या पुरुषावर प्रेम आहे आणि 'हे परदेशी खूळ' म्हणून ज्याचे लग्न उरकले जाते, तो मोजतो. त्याच्याशी लग्न लावून दिलेली मुलगीही मोजते. ज्याला पत्नीशी मनातले बोलता येत नाही आणि जो मौनालाच मर्दपणा समजतो, तोही मोजतो. शनीच्या कथेतला नवरा आणि आजच्या घरांतला मोबाइलमध्ये मान घालून बसलेला नवरा यांच्यात फार अंतर नाही. दोघांनीही समोर आलेल्या माणसाकडे पाहिलेले नसते.

३०/
म्हणून २०१६ चा निकाल केवळ स्त्रियांचा विजय म्हणून वाचणे अपुरे आहे. त्या दिवशी पुरुषांचीही एका ओझ्यातून सुटका होऊ शकत होती: आपले पावित्र्य कोणाला तरी दूर ठेवण्यावर अवलंबून आहे, या ओझ्यातून. चौथरा खुला झाला. ही सुटका अजून व्हायची आहे, आणि ती न्यायालयाच्या आदेशाने होणार नाही. ती घरात, शाळेत, मित्रांच्या कट्ट्यावर आणि मुलांना सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींत होईल.

३१/
शिर्डी आणि शिंगणापूर एका दिवसात उरकणाऱ्या यात्रेकरूंच्या गाड्या नेवाशाकडे सहसा वळत नाहीत. इतिहासाची आवड असलेल्यांनी वळावे. एकाच तालुक्यात पत्नीकडे न पाहिल्याने शापित झालेला देव आहे, स्त्रीरूपात राजपद भूषवणारा देव आहे आणि पंधराव्या वर्षी साऱ्यांची आई झालेला मुलगा आहे. परंपरा जपायची असेल तर तिघांनाही जपावे लागेल. शनीच्या पत्नीची कथा, ब्रह्मवैवर्तात आहे तशी, कधी घरात ऐकली होती का? नसेल, तर येत्या शनिवारी तेल वाहायला निघालेल्या वडिलांना, काकांना, भावाला ती जरूर सांगावी.

धागा समाप्त.